बाल्कनीखालची जागा

त्या वृद्ध गृहस्थांना मी एकदाच पाहिले. पुण्याच्या उपनगरातल्या एका नव्या नाट्यगृहात मी तेव्हा तिकिटे विकत असे. उजवा कान खिडकीशी आणून ते म्हणाले, "पेठेतल्या जुन्या थिएटरात मला शेवटच्या रांगेतही शब्द न् शब्द कळतो. इथे कसं?"

आमच्याकडे बाल्कनीखाली आवाज विरतो, हे मला ठाऊक होते. पण तेवढीच तिकिटे उरली होती. "स्वच्छ ऐकू येईल," मी म्हणालो.

मध्यंतरात ते पुन्हा खिडकीशी आले. "नाटक छान दिसलं हो," एवढेच बोलून, टोपी सारखी करून निघून गेले. क्षमा मागायला मी खिडकीबाहेर आलो नाही.

आजही तिसरी घंटा झाली की मला जागेवर बसवत नाही. नाट्यगृह कोणतेही असो, पहिला प्रवेश मी बाल्कनीखाली उभा राहून ऐकतो.