खोक्यातली टक्

घशाच्या ऑपरेशननंतर आईची वाचा गेली, पण जिभेची धार काही गेली नाही. ती बटणांवर शब्द लिहायची आणि टेबलावरचं यंत्राचं खोकं ते पत्र्यासारख्या आवाजात बोलायचं. त्या आवाजात घरानं वर्षानुवर्षं बोलणी खाल्ली. मग एक दिवस खोकंच मुकं झालं.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या थोरल्या मुलानं कॉम्प्युटरवर एक नवा, गोड आवाज बसवून दिला. आईनं त्यातूनच विचारलं, "ही बया कोण?"

थोरला ईर्षेला पेटला. खोक्यातली मरायला टेकलेली चिप त्यानं कशीबशी बोलती केली आणि तिचा आवाज ऐकत ऐकत कॉम्प्युटरवर हुबेहूब उतरवला. आवाज तोच आला, तरी आई बोलायला लागली की कुणी मान वर करेना.

तो पुन्हा चिपपाशी कान लावून बसला. प्रत्येक वाक्याआधी बारीकशी टक् व्हायची. ती त्यानं खोट समजून काढून टाकली होती.

त्यानं ती परत घातली. आईनं बटण दाबलं.

टक्.

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. शब्द अजून फुटायचाच होता, आणि पेपरामागून बाबा म्हणाले, "हो, उठतोय."