कशेडीत नसलेला दगड

कशेडी घाटात कधीच नसलेला एक दगड मी एका ड्रायव्हरच्या माथी मारला. त्याची नोकरी गेली. मी साबणाने हात धुतले, जेवायला बसले आणि वर भातही मागून घेतला. नातवंडं मला फार शहाणी समजतात, म्हणून हे एकदा लिहूनच टाकते.

तेव्हा घाटाला बोगदा नव्हता. महाडला आमचं गॅरेज होतं. यांच्या कमरेने दगा दिल्यावर गाडीखाली मी जायला लागले आणि गिअरबॉक्सच्या कामात माझा हात बसला. बाईमाणूस गाडीखाली, म्हणून लोक थांबून बघत. त्यानेच माझं डोकं फिरलं. तेल बोटावर घ्यायचं, हुंगायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, असा माझा थाट. ती बाई आज समोर आली तर पाना फेकून मारीन.

शशीशेठ सिमेंट आणि लाद्यांचे व्यापारी. त्यांची जुनी पिकअप गणपत चालवायचा. पोलादपूरच्या वरच्या अंगाला त्याची वाडी. घाटात गाडीला कधी ओरखडा आणला नाही, अशी त्याची ख्याती. ड्रायव्हरची इस्टेट म्हणजे तेवढीच.

एक दिवस तो गाडी घेऊन आला. "काकी, खाली तेल पडतंय."

मी गाडीखालच्या खड्ड्यात उतरले, बोट लावलं, हुंगलं. इंजिनचं तेल काळं असतं, ब्रेकचं पातळ. हे जाड आणि सडक्या अंड्याच्या वासाचं, म्हणजे गिअरचं. गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे एक शाफ्ट जातो. तो बाहेर पडतो तिथे तेल अडवायला रबराची कडी असते, तिला ऑइल सील म्हणतात. तिथेच सगळं ओलं होतं.

"सील गेलं," मी म्हणाले.

"पन काकी, सपाटीला थेंब नाय. दासगावला जाऊन आलो, कोरडी ठणठणीत. कशेडी चढली का गळाय लागतं."

"का रे? तुझी गाडी काय माहेरवाशीण हाय, घाटात उलट्या करायला?"

बघे हसले. गणपतही थोडं हसला. सगळा आजार त्याने एका वाक्यात सांगितला होता आणि मी त्यावर विनोद केला.

सील बदललं. आठवडाभरात गाडी परत दारात, तशीच गळत. पुन्हा सील काढलं, चांगल्या कंपनीचं आणून बसवलं. पुन्हा गळती. या वेळी शेठ स्वतः बरोबर आले.

"वहिनी, तुमचं काम कच्चं, की याचं चालवणं?"

चार माणसं ऐकत होती. मी टॉर्च घेऊन खाली गेले. गिअरबॉक्सच्या बुडाला खरचटल्याची एक खूण दिसली. तिच्यावर धूळमाती बसून कडक झालेली. म्हणजे फार जुनी. ते मला दिसत होतं. तरी मी वर येऊन म्हणाले, "दगड लागलाय खालून. शाफ्ट हलला असणार. मग सील बिचारं काय करील?"

शेठ गणपतकडे वळले. "कुठं ठोकलीस?"

"नाय ओ शेठ, कुठंच नाय. काकी, नीट बघा ना जरा."

"मी काय आंधळी आहे?"

शेठनी हात पुढे केला. गणपतने चावी त्या हातावर ठेवली, गाडीतला टॉवेल काढून खांद्यावर टाकला आणि चालत एसटी स्टँडकडे गेला. पुढे महाडात त्याच्या हाती कुणी स्टिअरिंग दिलं नाही. गाडी ठोकतो आणि नाही म्हणतो, असं त्याचं नाव झालं. गॅरेजवाल्या वहिनींनीच सांगितलंय म्हटल्यावर आणखी चौकशी कोण करतो? तो पोलादपूरला गोणी उचलायला लागला.

शेठनी नवा ड्रायव्हर ठेवला, मी नवं सील बसवलं. गाडी परत आली, आता पुढूनही ओली. यालाही दगडच लागला म्हणायचं, तर त्या दगडाने घाटात नोकरीच धरली होती म्हणायची.

मग मी ते केलं, जे पहिल्या दिवशी करायचं असतं. गळती शोधायची तर आधी सगळं धुवायचं. जुन्या तेलावर नवं तेल कुठून आलं ते देवालाही कळत नाही. डिझेल आणि ब्रशने गिअरबॉक्स घासला, पुसून कोरडा केला, त्यावर तोंडाला लावायची पावडर भुरभुरवली. पांढऱ्यावर ओलं लगेच उमटतं. मग सिमेंट भरलेली गाडी घेऊन मी एकटी निघाले.

पोलादपूरला थांबून वाकून पाहिलं. पावडर कोरडी. घाट अर्धा चढून कडेला घेतली, गाडी मागे सरकू नये म्हणून चाकांना उटी लावली आणि खाली शिरले. सील ओलं. तेलाची पातळी बघायला गिअरबॉक्सच्या बाजूला एक बोल्ट असतो. तो जरा सैल केला, तर फुस्स करून हवा सुटली.

भाताच्या पातेल्यावर झाकण गच्च दाबलं की पेज कडेने फुटून येते. गिअरबॉक्सचं तसंच आहे. घाटात तो तापतो, आतली हवा फुगते. तिला बाहेर पडायला वरच्या बाजूला बारीक नळी असते, ब्रीदर. ती बंद झाली की हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. सपाटीला एवढी तापत नाही, म्हणून थेंब नाही. गणपत हेच सांगत होता.

वरून हात घालून चाचपलं. नळीच्या तोंडावर ग्रीसमध्ये बुडवलेली चिंधी, तारेने आवळलेली. ओढून काढली. पिवळ्या फुलांची. माझ्याच जुन्या परकराची.

महाडला सावित्री नदी फुगायला लागली की सगळे गाड्या उंचावर नेतात. ज्यांची चाकं काढलेली असतात त्या हलत नाहीत. मग आम्ही त्यांच्या नळ्या, भोकं चिंध्यांनी बांधतो, आत पाणी जाऊ नये म्हणून. गळतीच्या आधीच्या पावसाळ्यात ही पिकअप ब्रेकच्या कामाला माझ्याकडे होती, चाकांविना. पुराचा भोंगा वाजला, मी चिंधी बांधली. पाणी बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत आलं आणि मागे फिरलं. पूर शिरला असता तर सगळं उघडून धुतलं असतं. शिरला नाही म्हणून आम्ही भजी तळली आणि मी चिंधी विसरले.

चिंधी काढली, कमी झालेलं तेल भरलं, गाडी माथ्यावर नेली. नव्याने लावलेली पावडर तशीच पांढरी. ती चिंधी दरीत टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. हात दोनदा वर गेला होता. खोटं कशाला सांगू?

शेठना सांगितलं. ते हसले. "जाऊ द्या वहिनी, नवा पोरगा बरा आहे." गणपतला त्यांनी परत घेतलं नाही. मग मी ड्रायव्हर चहाला थांबतात त्या नाक्यावर गेले, चिंधी हातात धरून सगळं बोलले. परकर बघून लोक पोट धरून हसले. हसू दे. काही महिन्यांनी एका टेम्पोवर गणपतला काम मिळालं.

तेव्हापासून मी पुराच्या आधी काही बांधलं, की त्या गाडीच्या स्टिअरिंगलाही तसलीच चिंधी बांधते. खालची सोडल्याशिवाय वरची सोडायची नाही. आणि ड्रायव्हर बोलत असताना गाडीखाली शिरत नाही.

पण त्याच्या आधी, नाक्यावर जायच्याही आधी, मी गणपतला गाठलं होतं. पोलादपूरला ट्रकमधून गोणी उतरवत होता. मी त्याची माफी मागितली. त्याने पाठीवरची गोणी खाली ठेवली, टॉवेलने मान पुसली. तो जे बोलला ते शब्दाला शब्द लिहिते.

"काकी, शेठचा काय नाय, त्यो परका मानूस. पन तुमी बोललात म्हनून माझ्या आयनं पन मला बाजूला घेऊन इचारलान, खरा सांग बाला, ठोकलीस का गाडी?"