वसतिगृहातली बिननवरदेवाची वरात

महाराष्ट्र राज्य नवं होतं, आमचं बुलढाण्याचं कॉलेजही नवं होतं आणि वसतिगृहात गाण्याबजावण्याची मैफल करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे आम्हा चाळीस पोरांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. कुणाला भजन हवं होतं, कुणाला कव्वाली. या बारभाई कारभाराला कंटाळून मी देऊळघाटची बँडपार्टी सांगून मोकळा झालो. लग्नात वाजतं तेच संगीत, एवढीच माझी समज.

आमचे रेक्टर सर खादीधारी आणि तापट होते. पत्नी वारल्यापासून आवारातल्याच दोन खोल्यांत एकटे राहायचे. त्यांनी परवानगी दिली, पण बजावलं, "एकही पोरगं वाजतगाजत फाटकाबाहेर गेलं, तर तू वसतिगृहाबाहेर." वसतिगृह सुटलं की माझं कॉलेज सुटलं. गावी, धाड इथं, वडील वाटच पाहत होते, पोरगं कधी एकदा शेतात येतं याची.

पाच वाजता बँडवाले आले. आम्ही त्यांना मानानं सतरंजीवर बसवलं. ते बसले ते बसलेच.

"बाबू, नवरदेव कुठी हाय?" क्लॅरोनेटवाल्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"नवरदेव नाही. तुम्ही नुसतं वाजवा."

"बसून? पाय चालल्याबिगर आमचे बोटं चालत नाई. आन् नवरदेव नाई, तं वाजवाचं कोनासाठी?"

चालायला सांगावं तर ते सवयीनं थेट रस्ता धरणार. न सांगावं तर पोरं शिट्ट्या मारायला लागलेली. "यालेच नवरदेव करा बे," कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवून ओरडलं.

तेवढ्यात म्हाताऱ्याला अख्ख्या आवारातल्या एकुलत्या एका खुर्चीवर पांढऱ्याशुभ्र धोतरातले सर दिसले. त्याचा चेहरा खुलला. त्यानं सरांना वाकून सलाम केला, बँडला उठवलं आणि वाजवत फाटकाकडे चालायला सुरुवात केली. मी मनातल्या मनात वळकटी बांधली.

सर उठले. धोतराचा सोगा हातात धरून ते मुकाट्यानं बँडच्या मागे चालू लागले. फाटकाशी आल्यावर त्यांनी स्वतःच कडी काढली. बँड बाहेर, सर बाहेर, मागोमाग चाळीस पोरं बाहेर. हसावं की पाया पडावं ते न कळून मी धावत त्यांच्या बाजूला गेलो.

"सर, माझी वसतिगृहातली जागा..."

त्यांची नजर बँडवरच होती.

"आमच्या लग्नात बँड नव्हता," ते म्हणाले. "तिले लई हौस होती. मीच तत्त्वापायी नको म्हटलं."