बोरवस्तीचा आड

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा कचेऱ्या आल्या, साहेब आले, कारकून आले. पाणी मात्र होतं तेवढंच राहिलं. त्यात पाऊस लागोपाठ दगा देत गेला. शहराच्या कडेला, बोरवस्तीजवळ सरकारी नोकरांची वसाहत उभी राहत होती. तिथल्या नव्या बोअरवर वसाहतीचं भागेल का, आसपासच्या पाण्याला आणि विजेला धक्का लागेल का, हे तपासायचं काम पाणीपुरवठा खात्यातल्या ओव्हरसियर सिंधु वाघमारेकडे आलं.

सिंधु मुखेडची. नवरा निवृत्ती तिकडंच मास्तर, शनिवारच्या एसटीनं यायचा. इथं एका खोलीत ती आणि सासू धुरपताबाई. सार्वजनिक नळावर भांडून भांडून म्हातारीचा आवाज बसला होता. नव्या वसाहतीतल्या एका क्वार्टरवर सिंधुचं नाव लागलं होतं.

"घरातच नळ असंल न्हवं?" सासू रोज विचारायची.

बोअरचा पंप सुरू झाला, जाड धार पडली. सिंधुला हायसं वाटलं. दुपारी वस्तीवरची पिठाची गिरणी थांबली; गिरणी आणि पंप विजेच्या एकाच डीपीवर, एकाच ट्रान्सफॉर्मरवर होते. दुसरी डीपी मागता येईल, असं ती म्हणतेय तोच बायांचा गलका ऐकू आला.

वस्तीच्या आडात पोहरा तळाला आपटत होता. काठावर शरणम्मा नावाची म्हातारी उभी होती. तिची सून रुद्राणी वाटीनं घागर भरायला आत उतरली होती.

"सकाळी पोहरा बुडत होता बाई," शरणम्मा म्हणाली. "तुमची मशीन सुरू झाली अन् पाणी खाली गेलं."

"दुष्काळानं गेलं असंल," पंप चालवणारा नरसिंग म्हणाला.

सिंधुला ते खरं असावंसं वाटलं. फारच वाटलं, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

"पंप बंद कर. पाणी चढलं तर ते आपण ओढलं होतं. नाही चढलं तर दुष्काळ."

तेवढ्यात आतून किंकाळी आली. रुद्राणीचा पाय कपारीतून निसटला होता. दोर धरून लोंबकळत होती म्हणून वाचली. वर ओढली तेव्हा गुडघा फुटलेला. सिंधुनं स्वतःच्या रुमालानं तो बांधला.

मग ती आडात डोकावत बसली. तळाशी पांढरा दगड उघडा पडला होता. पाणी चढू नये, असं मनात येई आणि तसं आलं म्हणून शरम वाटे. उन्हं कलली तेव्हा दगडाच्या कडेला ओल धरली. हळूहळू दगड दिसेनासा झाला. बायांनी पोहरे सोडले. सिंधुनं वहीत लिहिलं: पंप चालला की आड आटतो.

"एकाच चाचणीवर इतकं ठाम लिहिता?" तिचा अहवाल वाचून उपअभियंता गुरुपादप्पांनी विचारलं.

"दुसरीही घेतली, सर. तसंच झालं."

"वसाहत अडली तर तुमचंही घर जाईल. आणि उद्या पाऊस पडून आड भरला, तर म्हणतील, बाई उगाच घाबरली."

"मलाही तीच भीती आहे, सर."

मग त्यांनी सही करून अहवाल वर पाठवला.

घरी धुरपताबाईनं ताट सरकवलं. "माझ्या पोरपणी मुखेडात आपल्या लोकांना आडाला शिवू देत नव्हते. तवा कुणी लिव्हला होता अहवाल? बोरवस्तीवाल्यांचा आड वाचला. मी नळावरच मरू?"

सासू कितीतरी दिवस सिंधुशी नीट बोलली नाही.

पंपाला बंदी झाली. वसाहतीतली निम्मी घरं रिकामी ठेवली, उरलेल्यांना टँकर लागला. सिंधुचं क्वार्टर रिकाम्यांत गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात आड तरीही आटला. नरसिंगनं सांगितलं तशी ती धावत गेली. आपण सगळं उगाच केलं की काय, हे वाटभर डोक्यात घुमत होतं.

"चैत निघाला आडाच्या पाण्यावर," शरणम्मा म्हणाली. "न्हाईतर संक्रांतीलाच गाव सुटलं असतं. आता फुडं कसं, ते सांग."

सिंधुनं त्याच दिवशी वस्तीसाठी टँकर मागितला, रोज जाऊन विचारत राहिली. टँकर आला तोवर काही घरांना कुलपं लागली होती. लंगडत चालणारी रुद्राणी नवऱ्याबरोबर पुण्याच्या एसटीत बसून गेली होती.