टीमच्या मालकाला अर्ज

तोंडात चार टाचण्या धरूनही ते स्पष्ट बोलायचे. त्या बोलण्यात बहुतेक वेळा एकच वाक्य असायचं, "टीम चांगली हाय गो, मालक मेला वायट."

त्यांच्याबद्दल मी लिहायला बसणं म्हणजे जरा आगाऊपणाच आहे, म्हणून आधीच माफी मागते. मी अजून शिकते आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे बिल्डिंगमधल्या कुणाचाही फॉर्म किंवा अर्ज भरायचा असला की तो माझ्याकडे येतो. पण त्यापलीकडे मी काही लिहिलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. तुमच्या गल्लीतही असं कुणीतरी असेलच, तेव्हा माझं अपुरं राहिलेलं तुम्हीच पुरं कराल.

ते बहरीनमधल्या गुदैबियात आमच्या बिल्डिंगखाली टेलर होते. बाबांच्या शेजारच्या गावचे, रत्नागिरीकडचे. मी त्यांना मामा म्हणायचे. इथे आपली माणसं क्रिकेट सोडून दुसरं काही बघत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. मामा बेसबॉल बघायचे. तोही अमेरिकेतल्या एकाच टीमचा, आणि ती टीम बहुतेक वेळा हरायची.

हे वेड लागलं ते एका गिऱ्हाइकामुळे. मामा पूर्वी अमेरिकन नौदलाच्या तळाजवळच्या एका दुकानात होते. गणवेशांवर नावाच्या पट्ट्या शिवायचे. तिथे एक वयस्कर अधिकारी आपल्या टीमची जर्सी घेऊन आला. ती काखेत उसवली होती. शिवून होईपर्यंत त्यानं कापडाच्या टेबलावर चार बटणं मांडली आणि मामांना खेळ समजावला. चेंडू मारायचा, पहिल्या बटणावर पळायचं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि जिथून निघालो तिथे परत यायचं. त्याला ते होम म्हणतात. "घरी पोचला की एक मार्क," मामा मला सांगायचे. "मधल्या बटणावर कितीही उभा ऱ्हा, काय मिळत नाय." त्या अधिकाऱ्याची बदली झाली तेव्हा तो जर्सी मामांनाच देऊन गेला.

तिकडची संध्याकाळची मॅच आमच्याकडे पहाटे पाचला सुरू व्हायची. मी साडेसहाला कॉलेजच्या बससाठी खाली उतरायचे तेव्हा दुकानाचं शटर अर्धं वर असायचं. आत मोबाइल शिलाई मशीनला टेकवून ठेवलेला आणि मामा काजं करत बसलेले. मी वाकून विचारायचे, "मामा, किती?" जिंकत असतील तर ते टाचण्या काढून सांगायचे. हरत असतील तर तोंडात टाचण्या तशाच आणि नुसती मान हलायची.

त्या जर्सीच्या पाठीवर एका खेळाडूचं नाव होतं. टीमच्या मालकाला मात्र चांगला खेळाडू ठेवायची सवय नव्हती. पोरगा जरा नावारूपाला आला, जास्त पैसे मागायला लागला, की दिला दुसऱ्या टीमला. मग मामा ब्लेडनं पाठीवरची अक्षरं एकेक करून उसवायचे आणि त्यांच्यातली जी चालतील ती वापरून पुढच्या आवडत्या खेळाडूचं नाव शिवायचे. माझ्या आठवणीत अशी पाच नावं झाली. नवीन खेळाडू आला की मामा आधी त्याच्या नावाचं स्पेलिंग बघायचे. "आर हाय, दोन ओ हायत. चांगला खेळल." आणि तो पोरगा खरंच चांगला खेळला की मामांचं मशीन थांबायचं. "हळू खेळ रे," ते मोबाइलला म्हणायचे, "मालक बघतोय."

बाबा ड्रायव्हर आहेत. ड्यूटीवर जाताना गाडीतूनच ओरडायचे, "काय रे, आज किती मार खाल्लास? तुझी टीम एकदा कप जिंकू दे, आख्ख्या गल्लीला बिर्याणी माझ्याकडून!"

"तू तांदूळ भिजत घाल," मामा म्हणायचे. "इंशाल्ला."

मग एका सकाळी टाचण्या तोंडात नव्हत्या आणि मॅचही चालू नव्हती. मामांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "बाय, हे काय लिवलंय ते नीट वाच." मी वाचलं. मालकाला नवीन स्टेडियम हवं होतं. शहर ते बांधून देत नव्हतं. म्हणून टीमच उचलून दुसऱ्या शहरात न्यायचा त्याचा विचार होता.

"न्यायची म्हंजे?" मामा म्हणाले. "खेळाडू विकलान, आमी काय बोललो? पण आख्खी टीम? ती काय त्याची हाय?"

"त्याचीच आहे, मामा. त्यानं विकत घेतली आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी वाईट बोलले असावे तसे. मग म्हणाले, "अर्ज करूया."

शुक्रवारी दुपारी आम्ही अर्ज केला. मी म्हटलं, हे पत्र आहे, साधं लिहू. मामांना ते पटेना. वर 'रिस्पेक्टेड सर' पाहिजे, खाली विषय पाहिजे, आणि सोबत सीपीआर कार्डाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स आणि दोन पासपोर्ट फोटो. इथे त्या ओळखपत्राशिवाय पान हलत नाही, हे खरं; पण अमेरिकेतल्या मालकाला त्याचं काय? मी हसले. मामा हसले नाहीत. "त्याला कळू दे गो, माणूस खरा हाय. उद्या बोलायला नको, कुणीतरी असंच लिवलंन." ते स्टुडिओत जाऊन टाय लावून फोटो काढून आले होते.

त्यांनी जे सांगितलं ते मी इंग्रजीत घातलं. किती वर्षं मॅच बघतो, कुठून बघतो, तिथल्या लोकांनी इतकी वर्षं हरणाऱ्या टीमला टाळ्या वाजवल्यात तर त्यांची टीम नेऊ नये. शेवटी मामा म्हणाले, "आणि लिव, पैशाची अडचण असेल तर टीमचे सगळे कपडे मी फुकट शिवून देईन. पोरांची मापं पाठवा म्हणावं."

हे वाक्य मी लिहिलं नाही.

मला लाज वाटली. कॉलेजात नुकतंच शिकवलं होतं की पत्र मुद्देसूद असावं, आणि मला वाटलं, हे वाचून तिथलं कुणीतरी हसेल. मामांना इंग्रजी अक्षरं येत होती, वाक्यं लागत नव्हती. त्यांनी मला अर्ज मोठ्यानं मराठीत वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचला, आणि कागदावर नसलेलं ते वाक्यही वाचलं. मामांनी मान डोलावली. "आता बरोबर झाला." खाली त्यांनी सावकाश सही केली आणि अर्ज पोस्टात टाकला. उत्तरासाठी माझा ईमेल दिला होता. मी तो रोज उघडून बघायचे, उत्तर आलं नाही.

नंतर मामांची नजर कमी झाली. सुईत दोरा ओवायला माझी वाट बघायचे. शेवटी व्हिसा कॅन्सल करून ते गावी जायला निघाले. एअरपोर्टला बाबांच्याच गाडीतून गेलो. मामांनी अंगात जर्सी घातली होती. पाठीवर कुणाचंच नाव नव्हतं, नुसती सुईची भोकं. मी विचारलं तर म्हणाले, "आता नाव नको. कोरा माणूस त्याला विकता यायचा नाय."

गावात त्यांच्या घरी रेंज धड नाही. मॅच बघता येईना. मग मी रोज सकाळी बसमधून निकाल पाठवायला लागले. 'चार-दोन, हरलो.' 'सहा-पाच, जिंकलो!' दुपारी कधीतरी ते रस्त्यावरच्या पुलापर्यंत चालत जायचे, तिथे मेसेज उतरायचा, आणि अंगठ्याचं चित्र यायचं.

टीम न्यायचा निर्णय जाहीर झाला त्या दिवशी मी फक्त निकाल पाठवला. दुसऱ्या दिवशीही. नऊ दिवस मी बातमी लिहायचे आणि पुसायचे. बाबांना सांगितलं तर ते चिडले. "सांगून टाक त्याला. नाहीतर दे, मीच सांगतो."

शुक्रवारी बाबांनी फोन लावला. मामा पुलावर होते, मागून एसटीचा आवाज येत होता. बाबांनी घराची कौलं विचारली, डोळ्यांचं विचारलं, यंदा फणस किती लागले ते विचारलं. मग फणसाचंच दुसऱ्यांदा विचारलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"मामा," मी म्हटलं, "टीम जाणार. मालकानं सही केली. पुढच्या वर्षीपासून दुसऱ्या शहरात."

"खलास?"

"खलास."

मामा म्हणाले, "असू दे. आपण त्याला सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं."

मी हो म्हणाले नाही, आणि नाहीही म्हणाले नाही.

"तिथल्या माणसांनी आता संध्याकाळी कुठं जायचं गो?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, मामा."

"अजून किती मॅच हायत ह्या वर्षी?"

"अकरा."

"मग कळवीत ऱ्हा," मामा म्हणाले.