ढोलीतली बाळंतीण

यंदाच्या एप्रिलमध्ये मी कणकवलीच्या कॉलेजातली आमची पोरं धामापूरजवळच्या एका वाडीत निसर्ग अभ्यासाला नेली. तिथल्या ओळखीच्या एका काकींच्या परसात जुना रायवळ आंबा आहे. त्याच्या ढोलीत धनेशाची मादी बसली होती. ही मादी स्वतःला आत लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते. नर त्या फटीतून भरवेल तेव्हाच तिच्या आणि पिल्लांच्या पोटात अन्न जातं. गाडीत मी यावर भाषण ठोकलं होतं. आवाज नको, गर्दी नको, थोडं बघायचं आणि निघायचं.

आम्ही परसात बसलो. नर आला, चोचीत उंबर होतं. आम्हाला बघून वळला आणि समोरच्या फणसावर बसला. पोरं हळहळली. माझं मन म्हणालं, अजून थोडं थांबू, येईल. तो पुन्हा आला आणि पुन्हा वळला. मी उठले. "येतंव काकी आता."

"बसा गे, घाई खंय आसा?"

आमच्याकडे हे सगळेच म्हणतात. पाहुण्याला ‘जा’ म्हणायची रीत नाही, पाहुण्यानेच ओळखून उठायचं असतं. मी याच तालुक्यात जन्मले, मला हे कुणी शिकवायला नको होतं. पण माझ्या सोयीचं होतं म्हणून मी काकींचं बोलणं खरं धरलं आणि परत बसले. त्यांनी मग जेवणच मांडलं. उकडा भात, कुळथाची पिठी, सोलकढी. नर तिसऱ्यांदा आला तेव्हा आमची पोरं ताव मारत होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

आमची एक मुलगी म्हणाली, "काकी, तुम्ही पण बसा ना आमच्याबरोबर."

"तुमी जेवा. माजा मागसून."

"का हो?"

काकी जरा लाजल्या. "ह्या दिवसांत मी बाळंतिणीच्या आधी जेवणंय नाय. तिका घास मिळालो काय मगे बसतंय." आणि ढोलीकडे बघत त्यांनी त्या मुलीला आणखी भात वाढला.

माझ्या हातातला घास हातातच राहिला. सकाळपासून आम्ही दोघींना उपाशी ठेवून तिथे जेवत होतो, आणि यजमानीण आम्हाला आग्रह करत होती. मला स्वतःचा इतका राग आला की मी तो पोरांवर काढला. "उठा, पानं उचला, चला!" कुणाला काही कळेना. एकजण म्हणाला, "मॅडम, अजून नीट दिसला नाही." मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी घरी पोचल्यावर फोन केला. "काकी, इलो काय तो?"

"नाय अजून. काळोख पडलो मा. सकाळी येतलो, खंय जातलो?"

"आणि तुम्ही? जेवलात?"

त्या ऐकू न आल्यासारखं करून म्हणाल्या, "तुझ्या पोरांका बरा बघूक मिळाला मा पण?"

"मिळाला काकी," मी म्हटलं. "खूप बरा मिळाला."

"मगे झाला तर," त्या म्हणाल्या. "पुढल्या वर्षी परत घेवन ये तेंका."