ताटातला हिमालय

"आमच्या ओट्यावर हिमालय आहे," असं श्रीधरराव येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आणि ते खोटं नाही. त्यांच्या पत्नी सुहासिनीताईंनी बँकेतली रजा साठवून साठवून हिमशिखरं गाठली. आता गुडघे कुरकुरू लागल्यावर त्या नारायण पेठेतल्या स्वयंपाकघरात गिर्यारोहणाला निघालेल्या पोरांना शिकवतात. ताटात साखर पसरायची, वर मैद्याचा थर दाबायचा आणि ताट हळूच कलतं करायचं. मैदा सगळाच्या सगळा घसरतो.

"वरचा बर्फ दिसतो छान, घात करतो तो खालचा," ताई सांगतात.

"आणि शंकरपाळ्यांचा मैदा जातो तो वेगळाच," श्रीधरराव पुस्ती जोडतात.

त्या सकाळी भाचीचा, तनयाचा, व्हिडिओ कॉल आला. पहिल्यांदाच नेता होऊन ती पुण्याची तुकडी हिमाचलातल्या एका खिंडीखाली घेऊन गेली होती. हिमवादळ नुकतंच थांबलं होतं.

"मावशी, लख्ख ऊन पडलंय! सगळे म्हणतायत, आत्ताच निघू."

सह्याद्रीत पाऊस उघडला की सॅक पाठीला लावायची, ही पुणेकरांची मुरलेली सवय. ताज्या हिमावर हीच सवय जिवावर बेतते. 'निघू नकोस' हे शब्द त्यांनी मोठ्या कष्टाने गिळले. नेता तनया होती.

"खड्डा खण. खिंडीचा चढ ज्या दिशेला आहे त्याच दिशेचा, पण छोटासा, सुरक्षित उतार बघ. मला दाखव."

तनयाने खणलं, बर्फाचा चौकोनी खांब कापला, त्यावर फावडं ठेवून मनगटातून हलक्या थापा मारल्या. अन् वरचा अख्खा थर सर्रकन सुटून खाली आला! तिने त्याखालचे कण मुठीत घेतले. ते दाबले तरी चिकटेनात, बोटांतून गळून गेले.

"मावशी, साखर! खाली सगळी साखर आहे!"

"मग?" ताई जवळजवळ ओरडल्याच.

मागून तुकडीतल्या आमोदचा वैतागलेला आवाज आला, "ताटातल्या मैद्यावरून खिंड सोडायची का आपण?"

ताईंनी ओटा घट्ट धरला.

"सोडायची," तनया म्हणाली. "आवरा सगळं. खाली उतरतोय आपण."

ताईंनी अशी टाळी वाजवली की श्रीधरराव पेपर टाकून धावत आले. "झाली का खिंड पार?"

"नाही हो! परत फिरली! आपली पोरगी परत फिरली!" ताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

श्रीधररावांनी चपला पायात सरकवल्या.

"अहो, कुठे निघालात?"

"पेढे आणायला. आणि थोडा मैदाही. डब्यातला तुझा हिमालय संपत आलाय."